बाजींची टोपली

हिरव्या टिकेवर माझा कधीच विश्वास बसला नाही. दवाखान्याचा मेल सर्व्हर माझ्याकडे आला तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर एक ओळ उमटलेली असायची, 'बॅकअप यशस्वी', आणि शेजारी ती हिरवी टिक. सगळे खूश, मी सोडून. माझे वडील कारंजाच्या बाजार समितीत मापारी होते. पोत्याच्या तोंडाशी सोयाबीन कितीही पिवळंधमक दिसो, ते कोपरापर्यंत हात खुपसायचे, तळातली मूठ बाहेर काढायचे, नाकाशी न्यायचे आणि मगच काट्याकडे वळायचे. माल आणणाऱ्याला राग यायचा. वडिलांना त्याचं सोयरसुतक नसायचं. तो स्वभाव माझ्यात जसाच्या तसा उतरला आहे, आणि त्यापायी सासरी, माहेरी आणि नोकरीवर लोक मला खवट म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचा दवाखाना धर्मादाय. आसेगाव, इंझोरीकडची माणसं एसटीनं येतात, बाहेरच्या कट्ट्यावर भाकरी सोडतात आणि नंबर लागायची वाट बघतात. मोठ्या शहरांतल्या लॅबचे अहवाल, तज्ज्ञांचे सल्ले, इकडून पाठवलेले फोटो, हे सगळं मेलवर चालतं, आणि तो मेल जिन्याखालच्या खोलीतल्या एका जुनाट सर्व्हरवर राहायचा. रोज त्याची एक नक्कल निघायची. पण नक्कल निघणं वेगळं आणि वेळ आली की त्या नकलेतून सगळं परत उभं राहणं वेगळं. इतक्या वर्षांत ती नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवून कोणी पाहिलीच नव्हती. मी दरवर्षी मागणी करायचे, आणि दरवर्षी उत्तर मिळायचं की दुसरं मशीन कुठून आणू.

शेवटी जुन्या सर्व्हरची जागाच भरली आणि नवं मशीन घ्यावं लागलं. अकोल्याहून इंजिनिअर ते गाडीत घालून घेऊन आला. सौदा असा होता की जुनं मशीन त्यानं परत न्यायचं. पण त्यावर रुग्णांची माहिती, म्हणून नेण्याआधी ते आमच्यासमोर कोरं करून द्यायचं. सकाळी मेल बंद करायचा, शेवटची नक्कल घ्यायची, ती नव्या मशीनवर उतरवायची, जुनं पुसायचं आणि दिवेलागणीच्या आत सगळं उरकायचं, असा त्याचा बेत होता.

माझी एकच अट होती. पुसण्याआधी ज्याचं खातं, त्यानं स्वतः येऊन नव्या मशीनवर आपलं सामान बघायचं. चोरीचा माल सापडल्यावर ठाण्यात बोलावून ओळखायला लावतात ना, तसं.

"मॅडम, टिक हिरवी हाये ना? मंग विषय संपला," इंजिनिअर हसून म्हणाला.

"टिक हिरवी हाये भाऊ. पण आतला माल कोणी पायला?"

तो पुन्हा हसला. पोरगेलासा, गोड बोलणारा माणूस. मला गोड बोलणाऱ्यांचा जास्त राग येतो. माझा संशय उगाच नव्हता. नव्या मशीनवर जे उतरलं होतं, ते जुन्यावरच्या मालाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. मी त्याला ते दाखवलं.

"बाकीचा कचरा असते मॅडम. डिलीट केलेलं, जाहिराती, असंच. ते नकलेत आमी घेतच नाई. कोणीच घेत नाई."

ऐकायला पटलं. पण अर्ध्यापेक्षा जास्त कचरा? आमच्या दवाखान्यात इतका कचरा कोण करतं, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

व्यवस्थापक साहेब भला माणूस, पण घाईचा. "अवो बाई, एक एक माणूस बोलावून बसवसान तं दवाखाना कोण चालवीन? कायले एवढा घोळ घालता?" असं म्हणत त्यांनी मान डोलावली खरी, पण ती मला गप्प करण्यासाठी होती. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी बाजी माझ्या टेबलाशी आल्या. बाजी म्हणजे आमच्या रक्तसाठ्याच्या खोलीच्या प्रमुख. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळा दवाखाना त्यांना बाजीच म्हणतो, डॉक्टरसुद्धा. कारंजातल्याच, धान्याची आडत असलेल्या घरातल्या. निवृत्तीला आलेल्या, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि हाताला कायम स्पिरिटचा वास. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही असं सहसा होत नाही. त्या दिवशी त्या ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"बेटा, तुहा मेल कवा सुरू होते?"

"चारच्या पुढं. काहून बाजी?"

"नागपूरहून फोन होता. आपल्या आसेगावच्या पोरीचं पानथरीचं ऑपरेशन उद्या सकाळीच करून राह्यले. तिचा जुना रिपोर्ट मांगतात."

ती पोर आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. सिकलसेलची. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, जागोजागी अडकतात, पानथरी म्हणजे प्लीहा सुजते, आणि लेकरू ठणक्यानं कळवळतं. तिला वरचेवर आमच्याकडे रक्त चढवावं लागायचं. सुई लावली की वर जी पांढरी पट्टी चिकटवतात, तिच्यावर ती बाजींच्या पेननं कोंबड्या काढायची. एकदा माझ्या हातावरही काढली होती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा ती आजीजवळ असते. यंदा आई तिच्यासोबत नागपूरला थांबली होती.

ती दुसरीत असताना एकदा गट जुळवून दिलेलं रक्तही तिला सोसलं नव्हतं. हुडहुडी भरली, लघवी काळी झाली. बाजींनी धावत येऊन पिशवी बंद केली नसती तर काय झालं असतं ते बोलायला नको. गट जुळला तरी रक्तात आणखी बारीक खुणा असतात. त्यातली एखादी खूण शरीर परकी मानतं आणि तिच्यावर तुटून पडतं. कोणती खूण, ते शोधायला बाजींनी तेव्हा नमुना लांबच्या एका लॅबला पाठवला होता, आणि अहवाल मेलनं आला होता. आता गोम अशी की काही वर्षांनी नव्या चाचणीत त्यातलं काहीच दिसत नाही. चाचणी म्हणते, सगळं ठीक. शरीर मात्र विसरलेलं नसतं. पुन्हा तेच रक्त गेलं की पहिल्यापेक्षा जोरात उसळतं. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांना तो जुना कागद हवा होता, आणि संध्याकाळी पिशव्या निवडून ठेवण्याआधी हवा होता.

"लॅबवाल्याले पुन्हा मांगा ना," मी म्हटलं.

"ते लॅब बंद पडली. मी फोन लावून पायला, लागतच नाई. कागद तिच्या मायजवळ होता, तो ऊसतोडीच्या गावी दवाखान्यावाल्यानं ठेवून घेतला. आपल्या फायलीत बी प्रिंट नाई, तवा प्रिंटर बिघडेल होता."

"तुमाले आठवते का बाजी, कोणती खूण होती?"

"दोन नावं आठवतात. दोनातली एक हाये. आता अंदाजानं सांगू का? लेकराच्या नसेत अंदाज सोडू?"

मी समोरच्या कागदावर तिच्या रिपोर्टचं लिहून घेतलं.

"पण माह्या मेलमंदी हाये तो. जपून ठेवेल हाये. तू सुरू कर, मी लगेच धाडते." असं म्हणून त्या गेल्या. वर एका बाळंतिणीला रक्त लागणार होतं.

जपून ठेवलं आहे असं कोणी म्हटलं की मला धीर येण्याऐवजी भीतीच वाटते.

मग एकेकाला बोलावलं. हिशेबनीस आले, डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघून गेले, सगळं आहे म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी एकच मेल उघडला, त्यांच्या मुलीचा, आणि तेवढ्यावर समाधान मानलं. एक्स-रेवाल्यानं तर मलाच दटावलं की त्याला नको असलेलं एक भांडणाचं पत्र कायले परत आणलं. औषधवाल्या ताई, दंतवैद्य, भांडारवाले, सगळे आले आणि गेले. सगळ्यांचं सामान जागच्या जागी होतं. इंजिनिअर प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. मी त्याच्याकडे बघणंच सोडलं. शेवटी तो जिन्याखाली जाऊन जुनं मशीन खोलत बसला.

बाजी राहिल्या होत्या. त्या बाळंतिणीजवळून हलू शकत नव्हत्या. निरोप पाठवला, उत्तर आलं, थांब.

"किती थांबाचं?" साहेब म्हणाले. "बाजीचं खातं मीच पायतो. पासवर्ड तुमच्याजवळ असन ना?"

"साहेब, ज्याचं सामान त्यालेच कळते."

"अवो, उघडा तं."

मी उघडलं. आलेल्या मेलचं पान जवळजवळ मोकळं होतं. ताजे चार-दोन मेल, एक रक्तदान शिबिराचं पत्र, बस्स. पाठवलेले मेल होते, भरपूर होते.

"आलं की सगळं," साहेब म्हणाले.

"इतकं रिकामं?"

"बाजीचं काम साफ असते. तुमच्या-माह्यासारखं नाई." ते हसले आणि जिन्याकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, "घ्या भाऊ, करून टाका!"

"नाई! थांबा!" मी ओरडले. साहेबांचा चेहरा उतरला. चारचौघांत बाईमाणसानं असं ओरडणं त्यांना लागलं असणार. मला त्याची फिकीर नव्हती. "बाजी आल्याबिगर नाई. त्या पोरीचा रिपोर्ट त्यात हाये. मी तो डोळ्यानं पायल्याबिगर नाई."

"ठीक हाये, ठीक हाये," ते म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, ते खाली जाऊन त्याला थांबवतील. ते फोन घ्यायला गेले होते.

बाजी आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा निवलेला होता. वरची बाई सावरली होती. खुर्चीत बसल्या, चष्मा चढवला, पान वर केलं, खाली केलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"बेटा, माही टोपली कुठं हाये?"

"कोणती टोपली?"

"अवो, इथं बाजूले असते ना. टोपलीचं चित्र."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. जुन्या मेलच्या पानावर पुसलेल्या मेलसाठी विणलेल्या टोपलीचं चित्र होतं. शब्द नाही, नुसतं चित्र. मेल तिथे टाकला की तो पुसला जायचा, म्हणजे आमच्या लेखी; टोपली रिकामी मात्र कोणी करत नसे. जाहिराती तिथे जायच्या, चुकून आलेलं तिथे जायचं.

"बाजी, ते कचऱ्याचं हाये!" माझा आवाज फाटला. "जपायची वस्तू कोणी कचऱ्यात ठेवते का?"

"कचरा नाई," त्या शांतपणे म्हणाल्या, पण त्यांचा हात टेबलाची कड धरून होता. "माह्या अब्बाच्या दुकानात गादीजवळ टोपली राहे. ज्या सौद्याचं काम बाकी, ती चिठ्ठी गादीवर. काम झालं की चिठ्ठी टोपलीत. कोणाची मजाल नाई की टोपलीले हात लावन. दिवाळीले सगळ्या बाजाराचं वरीस संपे, मंग अब्बा बी तवाच ते सगळं कपड्यात बांधून माळ्यावर ठेवत. फेकलं कधीच नाई. मी पयल्या दिवसापासून तसंच करून राह्यली. रिपोर्ट आला, पायला, डॉक्टरले सांगितला, टोपलीत टाकला."

निम्म्याहून जास्त जागा कशानं भरली होती, ते मला तेव्हा कळलं. बाजींच्या लेकरांनी, म्हणजे इतक्या वर्षांच्या आजारी पोरांच्या अहवालांनी. नवं मशीन घ्यावं लागलं ते त्यांच्या टोपलीमुळे, आणि नक्कल घेणाऱ्यानं नेमकी तीच टोपली कचरा म्हणून वगळली होती.

मी जिन्याखाली धावले, मागोमाग बाजी. इंजिनिअर स्टुलावर बसून डब्यातली पोळी-भाजी खात होता, आणि समोरच्या पडद्यावर एक निळी पट्टी पुढे सरकत होती.

"साहेबांनी करा म्हटलं," माझं तोंड बघूनच तो म्हणाला.

मी वायर उपटली. उपटायची नसते, मला माहीत आहे. उपटली. जुन्या सर्व्हरात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप लिहिलं जायचं. पुसायला लावली होती ती एक. दुसरी कुठे आहे, हे मी नुसती दोन बोटं दाखवून विचारलं. त्यानं डब्याशेजारच्या वर्तमानपत्राकडे हात केला. ती तिथे पडलेली होती, तिच्यावर लोणच्याची फोड ठेवायचीच काय ती बाकी होती.

"पण मॅडम," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड नव्हता, "ही आंधीच कुरकुर करून राह्यली होती. म्हणून इले शेवटी ठेवली."

आता दोनच वाटा होत्या. एक शहाणपणाची. अशा डिस्कची आधी अख्खी नक्कल काढायची, हळूहळू, आणि मग त्या नकलेत शोधायचं. त्याला रात्र गेली असती आणि दुसरा दिवसही. दुसरी वाट म्हणजे डिस्क सरळ जोडायची, तिच्यावर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं, आणि ती दम सोडायच्या आत बाजींची टोपली उचलायची. डिस्क मध्येच मेली तर त्या पोरीचा अहवालच नाही, बाजींची सगळी लेकरं गेली. मी कोणालाही पहिलीच वाट सांगितली असती. वरून साहेबांचा आवाज आला, "बाजी, नागपूरचा फोन हाये! ते म्हणतात पाचपर्यंत कागद नाई आला तं आजच्या चाचणीवर पिशव्या काढतीन!"

"बाजी," मी म्हटलं, "थांबलो तं सगळं वाचू शकते. थांबलो नाई तं सगळं जाऊ शकते. तुमचं सामान हाये, तुमी सांगा."

त्यांनी विचार करायला जेवढा वेळ घेतला तेवढा मला माझ्या लग्नाच्या बोलण्यांतही लागला नव्हता. मग म्हणाल्या, "बाकीच्यायचं मंग पाहू. हे आज पायजे."

मी डिस्क वर नेऊन माझ्या मशीनला जोडली. ती घरघरली, आणि मग आतून टक् टक् आवाज यायला लागला. तो आवाज ज्यानं एकदा ऐकला आहे तो विसरत नाही. इंजिनिअर उठला, हिशेबनिसाच्या टेबलावरचा पंखा उचलून आणला आणि डिस्कवर वारा धरून उभा राहिला. डिस्क आडवी होती ती त्यानं हलकेच उभी केली आणि बोटांनी धरून ठेवली, आजारी वासराचं तोंड धरतात तशी. टक् टक् थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. मला त्याचा राग आलेला होता तो कुठे गेला, कोण जाणे.

खात्यांची यादी उमटली. बाजींचं खातं उमटलं. त्यात टोपली उमटली, आणि मग पडदा थिजला.

दारात साहेब उभे होते, हातात फोन, फोनवर नागपूर थांबलेलं. बाजींचे ओठ हलत होते. मी देवाचं फारसं करत नाही, पण त्या जे काही म्हणत होत्या त्यात मी मनातल्या मनात घुसून बसले.

टोपली उघडली. आत मेलच मेल, आणि जवळपास प्रत्येकाचा विषय एकच, रिपोर्ट. कोणत्याही मेलमध्ये मुलाचं नाव नाही, ते आतल्या फोटोत. नाव घालून शोधायची सोय नाही. एकेक उघडत बसले तर डिस्क तेवढ्यात राम म्हणेल.

"बाजी, कवाचा असन?"

"रमजान होता," त्या लगेच म्हणाल्या. "त्या दिवशी मी रोजा सोडाले घरी गेलीच नाई, बसस्टँडवर नमुना पोचवाले गेली होती. ईदच्या आंधी जवाब आला. मी नवे कपडे शिवाले टाकाचे इसरली, म्हणून ध्यानात हाये."

पोर दुसरीत होती ते वर्ष, त्यातला रमजान. मी यादी तारखेनं लावली. ईदच्या आधीच्या आठवड्यात त्या लॅबचे थोडेच मेल होते. पहिला उघडला, दुसऱ्याच कुणाचा. पुढचा, तोही दुसऱ्याचा. डिस्क टकटकली. त्यापुढचा उघडला आणि फोटो वरून खाली उतरायला लागला. लॅबचं नाव. आमच्या दवाखान्याचं नाव. पोरीचं नाव.

"हाच!" बाजी उभ्या राहिल्या.

आणि नावाखाली सगळं राखाडी. कागद अर्ध्यावर कापल्यासारखा.

मला रडूच आलं, रागाचं रडू. पोत्यात हात घातला होता, तळापर्यंत गेला होता, आणि मूठ बाहेर येत नव्हती. इंजिनिअरनं पंखा माझ्या हातात दिला. "मॅडम, उघडू नका. फाइल नुसती कॉपी करा, वाचता नाई आलं तं मशीन पुन्हा पुन्हा वाचून पायते." तो माझ्या खुर्चीत बसला आणि मी वारा घालत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. डिस्क रडत होती, थांबत होती, पुन्हा रडत होती. मग तिचा आवाज एकदम निवळला.

त्यानं फोटो उघडला. वरपासून खालपर्यंत, सहीसकट.

बाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "या अल्ला," त्या म्हणाल्या. "मी दुसरंच नाव सांगितलं असतं."

नव्या सर्व्हरवरून बाहेर गेलेला पहिला मेल तो. बाजींनी स्वतः लिहिला, स्वतः पाठवला. साहेबांनी फोनवर "धाडला, धाडला" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की फोनची गरजच नव्हती. मग ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "च्या घेता का बाई?" मी घेतला.

डिस्क अजून जिवंत होती, म्हणून तिला थंड होऊ दिली आणि मग आम्ही टोपली उतरवत बसलो. इंजिनिअरनं आपली गाडी परत पाठवली, शेवटच्या एसटीनं जाईन म्हणाला. थोडं उतरायचं, विसावा द्यायचा, पुन्हा थोडं. बाहेर दिवे लागले तेव्हा ती पूर्ण, डावीकडच्या चित्रासकट, नव्या मशीनवर आली होती. मी बाजींना बोलावलं. माझी अट त्यांनाही लागू होती.

"पाहून घ्या बाजी, सगळं आलं का."

त्या बसल्या. एकेक मेल उघडायला लागल्या. मला वाटलं होतं, वरवर बघतील आणि उठतील. त्या उठल्याच नाहीत.

"हा इंझोरीचा. आता वाशिमले कॉलेजात हाये. ह्या दोघी बहिणी. एक लगन होऊन गेली, एक..." त्यांनी पुढचा उघडला. "हा गेला. ह्याले मी आंबे आणून द्यायची. हा बी गेला. हिले पोरगं झालं, तिनं मले फोटो धाडला, तो बी इथंच असन, पाय."

होता. मी मान हलवली.

"बाजी, ज्यायचं आता काहीच बाकी नाई, ते तरी काढून टाकायचे होते ना?"

"काहून?" त्यांनी खरंच न कळून विचारलं.

इंजिनिअर दप्तर आवरता आवरता थांबला होता. त्यानं नकलेच्या यंत्रणेत टोपली घ्या असं मी सांगायच्या आतच लिहून टाकलं होतं, आणि माझ्याकडे बघून भुवया न उडवता मला ते दाखवलं होतं. मी तरी म्हटलंच, "पुढच्या महिन्यात पुन्हा उतरवून पाहीन मी." तो म्हणाला, "पाहाच मॅडम."

तेवढ्यात पडद्यावर नवा मेल आला. नागपूरचा. बाजींनी तो मला वाचायला लावला, त्यांचा चष्मा ओला झाला होता. तिकडच्या डॉक्टरांनी आभार मानले होते, आणि खाली एक ओळ होती. सकाळसाठी दोन पिशव्या काढून ठेवल्या होत्या, अहवाल आल्यावर त्या तपासल्या, त्यातल्या एकीत ती खूण निघाली, ती परत ठेवून तिच्याऐवजी वेगळी घेतली आहे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. दोनातली एक.

बाजींनी तो मेल नीट पाहिला, जसा त्या प्रत्येक अहवाल पाहतात. मग सवयीनं तो उचलला आणि डावीकडे टोपलीवर नेला. त्यांना अडवायला माझा हात आपोआप पुढे गेला होता. तो मी मागे घेतला, आणि त्यांनी मेल टोपलीत ठेवला.